जॅझचे बॉक्स सेट आणि न निवडलेले टेक

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एखादी रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजवली, की तो एक टेक झाला. समाधान झाले नाही तर तीच रचना पुन्हा वाजवतात, तो दुसरा टेक. बाजारात जाणाऱ्या तबकडीसाठी जो निवडला जातो त्याला मास्टर टेक म्हणतात. उरलेले सगळे पर्यायी टेक. मध्येच थांबलेले, सुरुवातीलाच अडखळलेले प्रयत्नही त्यांच्यासोबत जपले जातात. लिहून ठेवलेले संगीत वाजवायचे असेल तर या उरलेल्या टेकना फारसे मोल नसते, कारण त्यांत तेच सूर थोड्या कमी सफाईने आलेले असतात. जॅझची गोष्ट वेगळी आहे. तिथे धून बहुधा ठरलेली असते, पण धुनीनंतर येणारा सोलो त्या घटकेला सुचलेला असतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बंदिश तीच, राग तोच, पण कालच्या मैफिलीतली उपज आज तशीच्या तशी येत नाही. म्हणून जॅझच्या एकाच रचनेचे दोन टेक या पुष्कळदा दोन स्वतंत्र निर्मिती असतात. त्यातून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. कलावंताने किंवा कंपनीने बाजूला ठेवलेली निर्मिती जपावी का, छापावी का, आणि छापलीच तर कुठे? जॅझचे बॉक्स सेट, म्हणजे अनेक तबकड्यांच्या पेट्या, जमवणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाला तोंड द्यावे लागते.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस चुंबकीय फीत स्टुडिओत आली. तोपर्यंत टेक थेट चकतीवर कोरला जाई, आधी जाड मेणाच्या आणि नंतर लॅकरचा लेप दिलेल्या धातूच्या. मेणाची चकती वाजवून पाहिली तर तिच्यावरच्या खाचा बिघडत आणि ती साचा काढण्याच्या कामाची राहत नसे. त्यामुळे आपण आत्ता काय वाजवले हे वादकांना लगेच ऐकता येत नसे. खबरदारी म्हणून एकेका रचनेचे दोन-तीन टेक घेऊन ठेवत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावे. नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही मर्यादा चांगली ठाऊक असते. पद रंगात येते न येते तोच सुई लेबलापाशी पोचलेली असते. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात अमेरिकन जॅझवादक वाजवत. त्यांच्यापैकी ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथने १९३६ मध्ये मुंबईत केलेली मुद्रणेही याच मापाची आहेत.

अमेरिकेत वादक संघटनेच्या नियमाप्रमाणे ध्वनिमुद्रणाचे एक सत्र तीन तासांचे असे आणि त्यात साधारण चार बाजू भरायच्या असत. म्हणजे एका रचनेच्या वाट्याला पाऊण तास. टेक किती घ्यायचे हे त्या पाऊण तासात ठरे. प्रत्येक मुद्रणाला कंपनी एक मॅट्रिक्स क्रमांक देई. त्याच्यापुढे टेकची खूण असे, काही कंपन्यांकडे आकडा तर काहींकडे अक्षर. ही खूण तबकडीच्या खाचा संपून लेबल सुरू होण्याआधीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेली सापडते. जुना संग्राहक तबकडी हातात घेताच लेबल वाचण्याआधी ती उजेडात तिरकी धरून हा पट्टा पाहतो. त्याला तसे कारणही आहे. साचा झिजला की कारखाने कधी कधी दुसऱ्या टेकचा साचा चढवत आणि लेबल मात्र तेच ठेवत. परदेशी पाठवलेला साचाही प्रसंगी वेगळ्याच टेकचा असे. त्यामुळे दोन घरांत एकाच नावाच्या, एकाच क्रमांकाच्या तबकड्या असूनही दोन्हींवरचे सोलो वेगळे, असे घडले आहे. पर्यायी टेकचा शोध लागला तो अशा तुलनेतून. ही माहिती रीतसर नोंदवण्याचे काम शार्ल दलोने याने पॅरिसमध्ये हाती घेतले आणि १९३६ मध्ये जॅझ तबकड्यांची पहिली मोठी सूची प्रसिद्ध केली. गायक किंवा गाण्याऐवजी वादक, तारीख आणि सत्र यांच्या आधारे तबकड्या लावायची पद्धत तिने रुजवली. आजच्या बॉक्स सेटचा सांगाडा तोच आहे.

पर्यायी टेकचे मोल नेमके कशात असते हे पाहण्यासाठी २६ नोव्हेंबर १९४५च्या सत्राइतके चांगले उदाहरण नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कमधल्या डब्ल्यूओआर स्टुडिओत अल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने सॅव्हॉय कंपनीसाठी वाजवले. सोबत तरुण माइल्स डेव्हिस ट्रंपेटवर, मॅक्स रोच ड्रमवर आणि कर्ली रसेल बासवर होते. डिझी गिलेस्पीने गरजेप्रमाणे ट्रंपेटही वाजवला आणि पियानोही. पार्करची रीड त्रास देत होती, मध्येच चिरके आवाज येत होते. 'बिलीज बाउन्स' या ब्लूजचे पाच प्रयत्न झाले आणि पाचवा निवडला गेला. ते पाचही आज ऐकता येतात. पहिल्या पूर्ण टेकपासून शेवटच्यापर्यंत पार्करचा सोलो दर वेळी वेगळ्या वाटेने जातो. एखादी लकेर मात्र पुन्हा येते, कधी अलीकडे, कधी पलीकडे, आणि ती नेमकी कुठे बसते याचा शोध चालल्याचे कानाला कळते.

त्याच सत्रातला 'को-को'चा पहिला टेक तर अर्ध्या मिनिटातच थांबतो. पार्कर आणि गिलेस्पी ठरलेली सुरुवात वाजवून रे नोबलच्या 'चेरोकी' या लोकप्रिय गाण्याच्या धुनीत शिरतात आणि लगेच शिटी, टाळी, थांबवण्याची हाक ऐकू येते. धून वाजली असती तर नोबलला मानधन द्यावे लागले असते. शिवाय ६४ बारांच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) त्या लांबलचक धुनीने तीन मिनिटांतला मोठा वाटा खाल्ला असता. दुसऱ्या टेकमध्ये धून पूर्ण गाळून पार्कर थेट तिच्या स्वरसंवादांवर सोलो सुरू करतो. बीबॉप या नव्या शैलीची ओळख म्हणून आज ज्या मुद्रणाकडे बोट दाखवले जाते ते हेच. थांबलेला टेक हाती नसता तर 'को-को'ला धून का नाही, हे ऐकूनच समजले नसते. पर्यायी टेकच्या बाजूने एकच पुरावा द्यायचा झाला तर हे अर्धे मिनिट पुरेसे आहे.

दुसरे टोक पार्करच्याच डायल कंपनीच्या मुद्रणांत सापडते. २८ ऑक्टोबर १९४७ रोजी त्याने गर्श्विनच्या 'एम्ब्रेसेबल यू'चे दोन टेक वाजवले. पहिल्या टेकमध्ये तो गाण्याची मूळ चाल जवळजवळ बाजूला ठेवतो. सहा सुरांचा एक छोटा आकार घेतो आणि तोच उलगडत, खालीवर नेत सोलो उभा करतो. दुसऱ्यात तो आकार नाही, मांडणी नाही, मनःस्थितीही वेगळी आहे. दोन टेकमध्ये काही मिनिटांचेच अंतर आहे. इथे मास्टर कोणता आणि पर्यायी कोणता हे शब्दच गळून पडतात. अशी उदाहरणे फार नाहीत, पण पर्यायी टेकविषयी बोलताना ज्यांना आस्था आहे ते सगळे शेवटी या जोडीपाशी येतात, आणि ते योग्यच आहे.

डायलचा मालक रॉस रसेल याने तर एका तुटक्या तुकड्यालाही प्रसिद्धीचा मान दिला. २८ मार्च १९४६ रोजी हॉलिवूडमध्ये 'अ नाइट इन ट्युनिशिया'च्या पहिल्या टेकमध्ये पार्करने साथ थांबल्यावरचे चार बार असे काही भरले, की बाकीचा टेक कामाचा नसूनही रसेलने तेवढा भाग राखून ठेवला. तो पुढे 'फेमस अल्टो ब्रेक' या नावाने प्रसिद्ध झाला. उरलेला टेक मात्र राहिला नाही. भोवतालचे संगीत हरवून एक अलौकिक वाक्य तेवढे उरावे, ही त्या काळातल्या जपणुकीची तऱ्हा होती.

फीत आली आणि टेक या शब्दाचा अर्थच सैल झाला. फीत कापता येते, जोडता येते, पुन्हा वापरता येते. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९४२ मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याच्या मृत्यूनंतर कोलंबियाने एलपी काढताना 'ब्रेकफास्ट फ्यूड'च्या वेगवेगळ्या टेकमधले त्याचे सोलो एकापुढे एक जोडून टाकले. ऐकणाऱ्याला ख्रिश्चन जास्त मिळाला, पण असा टेक कधी कुणी वाजवलेला नव्हता. पियानोवादक थेलोनियस मंकने १९५६ मध्ये रिव्हरसाइड कंपनीसाठी 'ब्रिलियंट कॉर्नर्स' मुद्रित केले. ती चाल इतकी अवघड निघाली, की पंचवीस प्रयत्नांत एकही पूर्ण टेक मिळाला नाही. निर्माता ओरिन कीपन्यूज याने तुकडे जोडून ती पुरी केली. माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे'मध्ये निर्माता टिओ मासेरो याने फेब्रुवारी १९६९च्या सत्रातल्या फिती कापून, एक लांब भाग सुरुवातीला आणि तोच पुन्हा शेवटी ठेवून रचना घडवली. तिथे मास्टर टेक कात्रीतून जन्मला. अशा वेळी 'पर्यायी' म्हणून जे छापले जाते तो खरे तर कच्चा माल असतो. त्याचे महत्त्व आहे, पण ते पार्करच्या दुसऱ्या टेकसारखे नाही. संग्राहकांच्या वादात हा फरक वारंवार निसटतो आणि सगळ्या उरलेल्या मुद्रणांना एकाच मापाने तोलले जाते.

न निवडलेले टेक लोकांपर्यंत पोचू लागले ते एलपीमुळे. पार्कर मार्च १९५५ मध्ये वारला आणि लवकरच सॅव्हॉयने २६ नोव्हेंबर १९४५चे सगळे सत्र, अडखळलेल्या सुरुवातींसह, एका एलपीवर आणले. पुढे १९७८ मध्ये त्याची सॅव्हॉयची सर्व स्टुडिओ मुद्रणे पाच एलपींच्या संचात निघाली. बॉक्स सेटला स्वतःचे शास्त्र आणि स्वतःचा वाचकवर्ग मिळवून दिला तो मोझेक रेकॉर्ड्सने. मायकेल कस्कुना हा निर्माता १९७०च्या दशकात ब्लू नोट कंपनीच्या कोठारातल्या फिती धुंडाळत होता. मंकचे तिथे सापडलेले अप्रकाशित टेक एका एलपीला पुरतील इतके नव्हते. मग ते आधी छापलेल्या मुद्रणांच्या मधोमध, आपापल्या जागी ठेवून सगळे मिळून एकत्र काढावे, ही कल्पना पुढे आली. चार्ली लूरी या सहकाऱ्याबरोबर त्याने मोझेक सुरू केली आणि १९८३ मध्ये मंकची ब्लू नोटवरची सर्व मुद्रणे चार एलपींत आणली. पर्यायी टेकची अडचण सोडवताना बॉक्स सेटचा साचा तयार झाला, असे म्हणता येते.

मोझेकची पद्धत ठरलेली होती. मोठ्या कंपनीकडून मुद्रणे ठरावीक प्रतींपुरती भाड्याने घ्यायची, प्रत्येक पेटीवर क्रमांक घालायचा, दुकानांऐवजी टपालाने विकायची आणि प्रती संपल्या की पुन्हा छापायची नाही. पेटीत एलपीच्या आकाराची पुस्तिका असे. तिच्यात सत्राच्या तारखा, वादक, मॅट्रिक्स क्रमांक, कोणता टेक आधी कुठे छापला गेला याची तपशीलवार नोंद आणि लांबलचक विवेचन. ब्लू नोटच्या संचांत फ्रान्सिस वुल्फने स्टुडिओत काढलेली छायाचित्रे असत. वुल्फ आणि आल्फ्रेड लायन हे ब्लू नोटचे चालक वादकांना तालमीचेही पैसे देत. त्याचा परिणाम पर्यायी टेकवर थेट दिसतो. तालीम होऊन आलेले वादक थोड्या टेकमध्ये काम संपवत, आणि दोन टेक असले तरी त्यांतली मांडणी बरीचशी सारखी असे. याउलट पार्करच्या सत्रात चाल कधी कधी स्टुडिओतच ठरे. म्हणून १९५०च्या दशकातल्या हार्डबॉप या शैलीच्या पर्यायी टेकपेक्षा १९४०च्या दशकातले बीबॉपचे टेक फार अधिक सांगतात. पेटी घेण्याआधी एवढा एक निकष लावला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

सीडी आली आणि पर्यायी टेकची आवक एकदम वाढली. एलपीत चाळीसेक मिनिटे मावत, सीडीत सत्तरहून जास्त. उरलेली जागा भरायला कोठारातले टेक हाताशी होते. जुन्या एलपीच्या प्रत्येक पुनर्मुद्रणाच्या टोकाला दोन-चार टेक जोडायची प्रथा पडली. १९९०चे दशक तर पेट्यांचेच होते. मंकच्या रिव्हरसाइड मुद्रणांची पंधरा सीडींची पेटी १९८६ मध्येच आली होती. १९९५ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची अटलांटिक कंपनीची मुद्रणे सात सीडींत निघाली. त्याच वर्षी डेव्हिसच्या पंचकाने डिसेंबर १९६५ मध्ये शिकागोच्या प्लग्ड निकल क्लबात दोन रात्री केलेले वादन आठ सीडींत आले. १९९९ मध्ये ड्यूक एलिंग्टनची आरसीए व्हिक्टर मुद्रणे चोवीस सीडींत जमा झाली. पियानोवादक बिल एव्हान्सच्या व्हर्व्ह मुद्रणांची अठरा सीडींची १९९७ची पेटी तर मुद्दाम गंज चढावा अशा पोलादाची होती. आतल्या पुस्तिका आणि शेजारची पुस्तके तिच्यापासून जपून ठेवावी लागतात.

या पेट्यांतल्या काही टेकनी ऐकणाऱ्यांची समजूत बदलली. कोल्ट्रेनचे 'जायंट स्टेप्स' हे त्याचे ठळक उदाहरण. मे १९५९च्या मास्टर टेकमध्ये स्वरसंवाद इतक्या झपाट्याने बदलतात, की पियानोवादक टॉमी फ्लॅनगनचा सोलो चाचपडत पुढे जातो आणि कोल्ट्रेनचा सोलो मात्र अखंड धबधब्यासारखा कोसळतो. काही आठवडे आधी सीडर वॉल्टनला पियानोवर घेऊन केलेले टेक पुढे प्रसिद्ध झाले. त्यांत लय थोडी संथ आहे आणि वॉल्टन सोलो घेतच नाही. कोल्ट्रेनच्या सोलोत चार सुरांचे तेच छोटे आकार त्याच संवादांवर पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे तो धबधबा घडीव होता. घरी महिनोन्‌महिने घोटलेले पलटे त्यात होते. याने कोल्ट्रेन लहान होत नाही. तान घेताना गवयाच्या गळ्यात रियाजाचे पलटे असतातच. पण उपज आणि तयारी यांतली सीमा कुठे असते, हे एकच टेक ऐकून कळले नसते.

'काइंड ऑफ ब्लू'ची गोष्ट उलटी आहे. १९५९च्या मार्च आणि एप्रिलमधल्या दोन सत्रांत डेव्हिसच्या संघाने जवळजवळ प्रत्येक रचनेचा पहिलाच पूर्ण टेक मास्टर म्हणून ठेवला. अपवाद 'फ्लेमेन्को स्केचेस'. तिला धूनच नाही. पाच स्वरमालिका एकामागून एक येतात आणि प्रत्येकीवर किती वेळ थांबायचे हे सोलो वाजवणारा ठरवतो. त्यामुळे तिचा पर्यायी टेक ऐकताना परिचित वाट वेगळ्या पावलांनी चालल्याचा अनुभव येतो. याच अल्बममध्ये आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ज्या यंत्रावर मुद्रित झाल्या ते किंचित संथ चालत होते, त्यामुळे सगळ्या एलपींवर त्या मूळ स्वरापेक्षा किंचित चढ्या वाजत होत्या. दुरुस्त आवृत्ती १९९०च्या दशकात निघाली. तोवर तबकडीशी स्वर जुळवून साथ करू पाहणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांनी आपल्याच वाद्याला दोष दिला असेल.

स्टुडिओबाहेरच्या मुद्रणांत 'टेक' हा शब्द थोडा ताणूनच वापरावा लागतो. २५ जून १९६१ या रविवारी बिल एव्हान्सच्या त्रिकुटाने न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये दुपारपासून रात्रीपर्यंत पाच बैठकी वाजवल्या. बासवादक स्कॉट लाफारो त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. त्या वादनातून दोन एलपी निघाले. २००५ मध्ये तीन सीडींच्या संचात संपूर्ण दिवस घडला तसा आला. वीज गेल्यामुळे तुटलेला 'ग्लोरियाज स्टेप'चा पहिला प्रयत्न, टेबलांवरची कुजबुज, ग्लासांचा आवाज, सगळे त्यात आहे. 'ऑल ऑफ यू' तीनदा येते. इथे पुनरावृत्ती खटकत नाही, कारण वादकांनीच ती तशी मांडली होती. मधल्या तासांत तिघांचे एकमेकांशी चाललेले संभाषण कसे सैलावत गेले, ते या क्रमानेच ऐकू येते.

स्टुडिओच्या टेकना मात्र हा क्रम मानवतोच असे नाही. इथे संपादकांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष सत्र जसे घडले तसे लावतो. म्हणजे 'बिलीज बाउन्स'चे सगळे प्रयत्न ओळीने. अभ्यासाला हे सोयीचे आहे, पण रात्री जेवणानंतर तासभर संगीत ऐकायला बसलेल्या माणसाला तीच धून पाचव्यांदा ऐकून कंटाळा येतो, आणि त्यात पार्करचे काहीच चुकलेले नसते. दुसरा पक्ष मास्टर टेक आधी ठेवतो आणि उरलेले वेगळ्या तबकडीवर नेतो. गायिका बिली हॉलिडेच्या १९३३ ते १९४४च्या मुद्रणांची दहा सीडींची कोलंबिया पेटी आणि कोल्ट्रेनची अटलांटिक पेटी या पद्धतीच्या आहेत. क्रोनॉलॉजिकल क्लासिक्स या फ्रेंच मालिकेने तर पर्यायी टेक पूर्ण वगळले आणि ते पुढे नीटवर्क नावाच्या वेगळ्या लेबलवर आले. दुसऱ्या पक्षाची बाजू अधिक बळकट आहे. त्या काळच्या ऐकणाऱ्याला एकच टेक मिळाला होता, वादकांनी अनुकरण केले ते त्याचेच, आणि ज्या मुद्रणाने इतिहास घडवला त्याला पेटीत स्वतःची जागा हवी. बाकीचे टेक वेगळ्या तबकडीवर असले म्हणून अभ्यासकाचे काही अडत नाही. अपवाद फक्त 'एम्ब्रेसेबल यू'सारख्या जोड्यांचा. त्या शेजारी शेजारीच असाव्यात.

कलावंताच्या संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. २९ जुलै १९४६ रोजी हॉलिवूडमध्ये पार्करने 'लव्हर मॅन' वाजवले तेव्हा तो आजारी आणि कोसळण्याच्या बेतात होता. त्याच रात्री त्याला अटक झाली आणि पुढचे सहा महिने त्याने कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात काढले. डायलने ते मुद्रण छापले आणि पार्करला त्याचा राग कायम राहिला. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते हृदयाला भिडते. पण वादकाने नाकारलेले दुःख लोकांपुढे ठेवण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. याच्या अगदी विरुद्ध उदाहरण डीन बेनेडेट्टीचे. या सॅक्सोफोनवादकाने १९४७-४८ मध्ये क्लबांत जाऊन पार्करचे वादन स्वतःच्या यंत्रावर टिपले, आणि तेही पार्करचे सोलो तेवढेच. दुसरा वादक सुरू झाला की यंत्र बंद. मोझेकने १९९० मध्ये ते सात सीडींत प्रसिद्ध केले. आवाज खरखरीत आहे आणि सोलो मध्येच तुटतात. तरी स्टुडिओतल्या तीन मिनिटांतून सुटलेला पार्कर किती मोकळा होता हे दाखवणारे दुसरे मुद्रण इतक्या प्रमाणात मिळत नाही.

पुनर्मुद्रणात टेकची अदलाबदल अजूनही होते. लुई आर्मस्ट्राँगने डब्ल्यू. सी. हँडीच्या रचना वाजवलेला १९५४चा एलपी पहिल्यांदा सीडीवर आला तेव्हा त्यात वेगळे टेक गेले. मूळ ओळखणाऱ्यांनी तक्रार केली आणि १९९७च्या आवृत्तीत चूक सुधारली. एलिंग्टनच्या जुलै १९५६च्या न्यूपोर्ट मैफिलीचा गाजलेला एलपी तर बराचसा स्टुडिओत पुन्हा वाजवलेला होता. टाळ्याही वरून चढवलेल्या होत्या. व्हॉइस ऑफ अमेरिकाने त्या रात्री केलेले वेगळे मुद्रण पुढे सापडले आणि १९९९ मध्ये दोन्ही मिळवून खरी मैफल उभी राहिली. काही नुकसान मात्र भरून येण्यासारखे नाही. फेब्रुवारी १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच इथे अटलांटिकच्या कोठाराला आग लागली आणि अप्रकाशित फितींचा मोठा साठा जळाला. कोणते पर्यायी टेक उरले, हे अशा अपघातांनीही ठरवले आहे.

पेटी विकत घेताना आधी पुस्तिकेतली सत्रसूची पाहावी. 'संपूर्ण' हा शब्द नेहमी एका कंपनीपुरता, एका कालखंडापुरता किंवा फक्त स्टुडिओपुरता असतो. पार्करचे 'संपूर्ण' हवे तर सॅव्हॉय आणि डायल यांची २००० साली एकत्र निघालेली आठ सीडींची पेटी वेगळी आणि व्हर्व्हची वेगळी. युरोपात ध्वनिमुद्रणांचा हक्क पूर्वी ५० वर्षांनी संपत असे, त्यामुळे जुन्या जॅझचे स्वस्त संच तिथे भरपूर निघाले. त्यांत टेकचे क्रमांक बऱ्याचदा नसतात आणि तोच टेक दोन नावांनी येण्याचा धोका असतो. जुन्या पेट्यांत सीडींखाली ठेवलेले स्पंजचे तुकडे काही वर्षांनी चिकट होऊन तबकडीला डाग पाडतात, ते काढून टाकावेत. सीडी संगणकावर उतरवून घेतल्या की क्रमाचा वाद ऐकणाऱ्यापुरता सुटतो. मास्टर टेकची एक यादी, पर्यायी टेकची दुसरी. पेटीचा पुठ्ठा आणि पुस्तिका यांना मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या पावसाळी हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून पुस्तिका कोरड्या कपाटात वेगळी ठेवलेली बरी. जुन्या बाजारात पेटी घेताना पुस्तिका आत आहे का हे पैसे देण्याआधी पाहावे. तबकड्या दुसरीकडून मिळवता येतात, पण कोणता टेक कोणत्या तारखेचा हे सांगणारी ती पाने सहसा पुन्हा छापली जात नाहीत.